परका माणूस आज काय देईल: रास्त मूल्य काढण्याची आमच्या टेबलावरची पद्धत

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या अकाउंट्समध्ये मला बावीस वर्षं झाली. दर एप्रिलला ऑडिटसाठी सीएच्या आर्टिकलशिपची मुलं-मुली येतात. कुणी खानापूरचं, कुणी निपाणीचं, कुणी इथलंच शहापूर-वडगावचं. बहुतेकांची शाळा मराठी, कॉलेज इंग्रजीतून. 'फेअर व्हॅल्यू'ची व्याख्या विचारली की घडाघडा म्हणतात. मग मी शेडच्या भाडेकराराची फाईल पुढं ठेवते आणि विचारते, "हे डिपॉझिट बघ आणि सांग, ३१ मार्चला याचं मूल्य किती?" तिथं सगळे अडतात. व्याख्या पाठ असते, पण ती कागदावर कशी उतरवायची हे कुणी शेजारी बसून दाखवलेलं नसतं. ते आपल्या भाषेत दाखवावं म्हणून हे लिहितेय.

आधी शब्दाबद्दल. मराठीत याला रास्त मूल्य म्हणतात. रास्त भाव म्हटलं की डोळ्यांपुढं रेशन दुकान येतं. आपल्याकडं त्याच्या पाटीवर कन्नडमध्ये 'न्यायबेले अंगडी' असतं, म्हणजे न्याय्य किमतीचं दुकान. तिथला दर सरकार ठरवतं, गरिबाला परवडावा म्हणून. हिशेबातलं रास्त मूल्य याच्या बरोबर उलट आहे. कुणाला परवडतंय, कुणावर अन्याय होतोय, हे तिथं बघायचं नसतं. आपल्याशी ओळखपाळख नसलेला, माहीतगार, कसलीही घाई नसलेला माणूस ही वस्तू आज घेणार असेल तर काय देईल, एवढंच शोधायचं. देणं असेल तर प्रश्न फिरवायचा: हे देणं दुसऱ्या कुणी स्वतःच्या अंगावर घ्यावं म्हणून आज आपण त्याला किती मोजून द्यावे लागतील?

नियम आहे इंड एएस ११३. इंड एएस म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांवर बेतलेली भारतीय लेखा मानकं. त्याचा आंतरराष्ट्रीय भाऊ आयएफआरएस १३ मे २०११ मध्ये आला. आपल्याकडं फेब्रुवारी २०१५ मध्ये इंड एएसची अधिसूचना निघाली. ज्यांचं नेटवर्थ ५०० कोटी किंवा जास्त, त्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून हे सक्तीचं झालं. १ एप्रिल २०१७ पासून बाकीच्या लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्या आणि २५० कोटींवरच्या अनलिस्टेड कंपन्या आल्या. आमची फौंड्री यात कुठंच बसत नाही, पण आमची मालक असलेली होल्डिंग कंपनी लिस्टेड आहे, आणि होल्डिंगला इंड एएस लागलं की उपकंपनीलाही लागतं. शेजारच्या शेडमधल्या कंपनीला मात्र जुने एएस, म्हणजे आधीची लेखा मानकं, पुरतात. एएस १३ प्रमाणं तिच्या चालू गुंतवणुका खरेदी किंमत आणि रास्त मूल्य यांतल्या कमी रकमेला दाखवायच्या, दीर्घ मुदतीच्या खरेदी किमतीलाच, कायमची घसरण झाली असेल तरच कमी करून. त्यामुळं ऑडिटला गेलात की पहिला प्रश्न हाच: या कंपनीला काय लागू आहे?

बटाट्याच्या भावातून व्याख्या

बाबांची मार्केट यार्डात बटाट्याची अडत होती. अडतीबरोबर थोडा माल ते स्वतःचा म्हणूनही घेऊन ठेवायचे. एका वर्षी क्विंटलला १,४०० रुपयांनी घेतलेला माल घरात होता आणि भाव ढासळून १,१५० वर आला. आईनं विचारलं, "आपला माल कितीचा झाला हो?" बाबा म्हणाले, "अकराशे पन्नासाचा." आई म्हणाली, "चौदाशेनं घेतलाय की आपण!" त्यावर बाबांचं उत्तर होतं, "ते आपल्याला ठाऊक. घेणाऱ्याला काय त्याचं?"

इंड एएस ११३ चा गाभा हाच आहे. आपण काय मोजलं हे बघायचं नाही, आज विकलं तर काय मिळेल हे बघायचं.

आणखी एक प्रसंग मला आठवतो. एका रात्री एक शेतकरी दवाखान्याचं बिल भरायचं म्हणून गाडीभर माल आठशेनं देऊन गेला. बाबांनी दुसऱ्या दिवशी इतर मालाची किंमत लावताना तो आठशेचा भाव धरला नाही. अडल्यानं विकलेल्या मालाचा भाव हा बाजारभाव नव्हे, असं ते म्हणायचे. नियमात यालाच सुरळीत व्यवहार म्हटलंय. गिऱ्हाइकाला बघायला, विचारायला नेहमीचा वेळ मिळालेला असावा आणि विकणाऱ्याच्या मानेवर सुरी नसावी. एखाद्या कंपनीनं बँकेच्या तगाद्यापायी आपले शेअर कुणाला तरी घाईत विकले असतील, तर तो दर उचलून आपल्या हिशेबात टाकायचा नाही. पण बाजार मंद आहे म्हणून होणारा प्रत्येक सौदा अडलेलाच असतो असंही नाही. प्रत्येक सौद्याची चौकशी करावी लागते.

मग प्रश्न येतो, कुठल्या बाजारातला भाव? गोव्यात बटाटा चढा आहे म्हणून गोव्याचा भाव धरायचा का? नाही. त्या मालाची सगळ्यात जास्त उलाढाल जिथं होते आणि जिथं आपल्याला विकता येतं, तो मुख्य बाजार, आणि भाव तिथलाच. असा मुख्य बाजार नसेल तरच सगळ्यात फायद्याचा बाजार शोधायचा. मुख्य बाजार लांब असेल तर तिथवरचं गाडीभाडं भावातून वजा होतं, कारण माल कुठं पडलाय हा त्या मालाचाच गुण आहे. अडत आणि हमाली मात्र वजा करायची नाही, तो व्यवहाराचा खर्च. शेअरला गाडीभाडं नसतं, पण ब्रोकरेज असतं, आणि ते रास्त मूल्यातून वजा करायचं नसतं. इथं मुलं हमखास चुकतात.

आधी यादी

आकडेमोडीला बसण्याआधी ताळेबंद समोर घ्यायचा आणि वित्तीय मालमत्ता व देण्यांच्या प्रत्येक ओळीपुढं लिहायचं: ही दर वर्षी रास्त मूल्याला येते, फक्त पहिल्या दिवशी येते, की केवळ ताळेबंदाला जोडलेल्या टिपणीत रास्त मूल्य सांगायचं आहे. हे ठरवतं इंड एएस १०९. मुद्दल आणि व्याज एवढंच मिळणार असेल आणि ते वसूल होईपर्यंत धरून ठेवायचा आपला रिवाज असेल, तर ते अॅमॉर्टाइज्ड कॉस्टला, म्हणजे पहिल्या दिवशीच्या रकमेत व्याज मिळवत आणि आलेले पैसे वजा करत. वसुलीही करतो आणि अधूनमधून विकतोही, असं असेल तर रास्त मूल्याला, पण फरक ओसीआयमध्ये, म्हणजे नफ्यातोट्याबाहेरच्या इतर सर्वसमावेशक उत्पन्नात. बाकी सगळं नफा-तोट्यातून. शेअरसाठी, ते ट्रेडिंगला घेतलेले नसतील तर, पहिल्याच दिवशी ओसीआयचा पर्याय निवडता येतो. पण एकदा निवडला की मागं फिरता येत नाही, आणि विकल्यावरचा फायदा नफ्यातोट्यात कधीच येत नाही. हा निर्णय शिकाऊ मुलानं टिकमार्क करून उरकू नये. संचालकांचा ठराव मागून घ्यावा.

ग्राहकांकडून यायचे पैसे आणि पुरवठादारांना द्यायचे पैसे दोन-तीन महिन्यांचे असतात. त्यांची पुस्तकी रक्कम रास्त मूल्याच्या जवळच असते आणि तसं लिहिलं की पुरतं. गणपतीला कामगारांना दिलेली बिनव्याजी उचल दहा हप्त्यांत पगारातून कापली जाते. तिला सूट लावत, म्हणजे पुढं मिळणाऱ्या रकमेतून मधल्या काळाचं व्याज कापत, बसू नका. फरक इतका किरकोळ की त्यात गेलेला वेळ वाया. घरासाठी दिलेलं सात-आठ वर्षांचं बिनव्याजी कर्ज असेल तर मात्र लावा, आणि फरक कर्मचाऱ्याला दिलेला लाभ म्हणून दाखवा.

तीन पातळ्या

माहितीच्या दर्जाप्रमाणं तीन पातळ्या आहेत. हुबेहूब त्याच वस्तूचा, चालत्या बाजारातला, हात न लावलेला भाव मिळाला तर पहिली. तो नाही, पण व्याजदर, विनिमय दर, तशाच वस्तूंचे भाव अशी बाजारात दिसणारी माहिती वापरून हिशेब झाला तर दुसरी. महत्त्वाचा एखादा आकडा आपल्याला अंदाजानं धरावा लागला तर तिसरी. दहा आकडे बाजारातले आणि एकच अंदाजाचा, पण त्या एकानंच उत्तर हलत असेल, तर सगळं मोजमाप तिसऱ्या पातळीत जातं. पातळीचा आणि जोखमीचा संबंध नाही. बुडीत निघालेल्या कंपनीचा शेअर रोज बाजारात खरेदी-विक्री होत असेल तर तो पहिल्याच पातळीत.

पहिली पातळी सोपी वाटते, पण तारखेचा घोळ होतो. ३१ मार्च २०२४ रविवार होता, शुक्रवारी गुड फ्रायडे, म्हणून शेवटचा भाव गुरुवार २८ मार्चचा. ३१ मार्च २०२५ सोमवार होता, पण ईदची सुट्टी, म्हणून पुन्हा २८ मार्चचाच, या वेळी शुक्रवारचा. दोन्ही वर्षी कुणी ना कुणी १ एप्रिलचा भाव लावून आणलाच. लिक्विड फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचं मूल्य, मात्र सुट्टीच्या दिवसाचीही जाहीर होते, तिथं ३१ मार्चचीच घ्यायची. आणि आपल्याकडं एका कंपनीचे फार शेअर आहेत, सगळे एकदम विकले तर भाव पडेल, म्हणून पहिल्या पातळीच्या भावातून काही कापायची मुभा नाही. भाव गुणिले संख्या, बस्स.

डिपॉझिट, पहिल्या दिवसापासून

आता ती शेडची फाईल. समजा, मच्छे इथली शेड पाच वर्षांच्या करारानं घेतली आणि मालकाला २०,००,००० रुपये बिनव्याजी डिपॉझिट दिलं. पाच वर्षांनी वीस लाखच परत मिळणार. आज हा कागद परक्या माणसाला विकायला नेला तर तो वीस लाख देईल का? देणार नाही. तो म्हणेल, पाच वर्षं माझे पैसे अडकणार, त्यावरचं व्याज कापून दे.

व्याजदर कुठला? बहुतेक जण आपल्या कंपनीला बँक ज्या दरानं कर्ज देते तो दर घालतात. तो चूक आहे. पैसे परत देणार आहे शेडमालक. म्हणून त्या मालकाला, या मुदतीसाठी, अशाच तारणानिशी किंवा तारणाविना, बाजारात कुठल्या दरानं कर्ज मिळेल हे शोधायचं. आम्ही दोन बँकांच्या शाखांकडून तशा कर्जाचे दर लेखी मागवतो आणि ते पत्र फाईलला लावतो. उदाहरणासाठी ९ टक्के धरू.

१.०९ चा पाचवा घात १.५३८६. वीस लाखांना त्यानं भागलं की १२,९९,८६३ रुपये. हे पहिल्या दिवसाचं रास्त मूल्य. उरलेले ७,००,१३७ रुपये तोटा नव्हेत. स्वस्तात शेड मिळावी म्हणून आगाऊ मोजलेलं ते भाडं. इंड एएस ११६ प्रमाणं ते शेड वापरण्याच्या हक्काच्या मालमत्तेत जातात आणि पाच वर्षांत झिजतात. इकडं डिपॉझिट दर वर्षी ९ टक्क्यांनी फुगत जातं. पहिल्या वर्षी १,१६,९८८ रुपये व्याज उत्पन्न, शिल्लक १४,१६,८५१. चौथ्या वर्षाअखेर शिल्लक १८,३४,८६२ आली पाहिजे आणि पाचव्या वर्षाचं १,६५,१३८ धरून बरोबर वीस लाख. एक्सेलमध्ये ही शेवटची ओळ जुळली नाही तर वर कुठंतरी चूक आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक शीटची शेवटची ओळ मी आधी बघते.

दर वर्षी व्याजदर बदलला म्हणून हे डिपॉझिट पुन्हा मोजायचं नाही. रास्त मूल्य फक्त पहिल्या दिवसापुरतं, पुढं अॅमॉर्टाइज्ड कॉस्ट. टिपणीत मात्र आजच्या दरानं काढलेलं रास्त मूल्य सांगावं लागतं, तिथं ताजा दर लावायचा.

उलट बाजूही बघा. डीलरकडून आपण घेतलेलं डिपॉझिट त्यानं मागितल्याबरोबर परत द्यायचं असेल, तर ते देणं सूट लावून कमी दाखवता येत नाही. "मॅडम, डीलर तर दहा-दहा वर्षं मागत नाहीत," असं मला सांगितलं जातं. नसेल मागत. पण मागण्याचा हक्क त्याच्या हातात आहे, आणि नियम सांगतो की मागताक्षणी द्यायच्या रकमेपेक्षा असं देणं कमी धरायचं नाही.

डॉलरचा फॉरवर्ड

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०१७-१८ हे आमचं इंड एएसचं पहिलं वर्ष. कास्टिंगची निर्यात होते, डॉलर येतात, म्हणून बँकेशी फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या दरानं डॉलर विकायचा करार, केलेला असतो. खरे आकडे देत नाही, समजण्यापुरते घेऊ: १,००,००० डॉलर ८४.५० रुपयांनी विकायचा करार, मुदत संपायला ३१ मार्चनंतर दोन महिने बाकी. ३१ मार्चचा हजर दर, म्हणजे त्या दिवसाच्या सौद्याचा दर, ८५.४०. मी ८५.४० मधून ८४.५० वजा केले, ९० पैसे, गुणिले एक लाख, तोटा ९०,००० रुपये, आणि लिहून मोकळी झाले.

ऑडिटर सरांनी कागद परत माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, "हा करार आज कुणाला द्यायचा झाला, तर तो आजचा डॉलर बघेल की दोन महिन्यांनंतरचा?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. डॉलर आज द्यायचे नाहीत, मे अखेरीला द्यायचे आहेत. त्या तारखेचा फॉरवर्ड दर आज काय आहे, त्याच्याशी तुलना. तो समजा ८५.९० आहे. फरक १.४० रुपये, एकूण १,४०,००० रुपये. तेही दोन महिन्यांनी जाणार, म्हणून साडेसहा टक्क्यांनी दोन महिन्यांची सूट: १,४०,००० भागिले १.०१०८३३, म्हणजे साधारण १,३८,५०० रुपये. माझ्या आकड्यापेक्षा तोटा ४८,५०० नं जास्त. हे एका कराराचं झालं. आमच्याकडं तेव्हा असे अकरा करार होते. रात्री साडेनऊपर्यंत बसून सगळे पुन्हा केले.

गेल्या वर्षी खानापूरची एक मुलगी हेच करत बसली होती. मी विचारलं, "काय करायलीस?" ती म्हणाली, "बँकेचं एमटीएमचं पत्र आलंय की मॅडम, आजच्या दरानं कराराचं मूल्य सांगणारं, त्यातला आकडा उचलायलेय." मी म्हटलं, "उचल. पण आधी तुझा तू काढ, मग बँकेचा बघ." तिचा आणि बँकेचा आकडा एका करारात मोठ्या फरकानं जुळेना. शोधता शोधता सापडलं, तो करार मार्चमध्ये पुढं ढकलला होता आणि पत्रात जुनीच मुदत होती. बँकेनं चूक मान्य करून नवं पत्र दिलं. बँकेचा आकडा हा पुरावा आहे, पण आपली जबाबदारी त्यानं संपत नाही. हजर दराचा संदर्भ एफबीआयएल, म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था, जाहीर करते. रिझर्व्ह बँकेनं ते काम जुलै २०१८ पासून त्यांच्याकडं सोपवलं. सरकारी रोख्यांचे मूल्यांकन दरही त्यांचेच मिळतात. माहिती बाजारात दिसणारी, म्हणून हे मोजमाप दुसऱ्या पातळीचं.

बाजारात नसलेले शेअर

खरी परीक्षा इथं होते. भाव नाही, सौदे नाहीत, आणि संचालकांच्या मनात एक आकडा आधीच असतो.

समजा एका टूलिंग कंपनीत आपली १२ टक्के भागीदारी आहे. तिचा व्याज, कर, घसारा वजा होण्याआधीचा नफा, म्हणजे एबिटडा, ३.२० कोटी. तशाच धंद्यातल्या लिस्टेड कंपन्या बघायच्या आणि बाजार त्यांना, कर्ज धरून, एबिटडाच्या किती पट मोजतो ते, म्हणजे गुणक, काढायचा. एका कंपनीचा गुणक २१ आला, तर आधी कारण शोधा. तिचा कारखाना वर्षातले चार महिने बंद असेल आणि नफा तात्पुरता आटला असेल, तर ती यादीतून काढा आणि का काढली ते लिहा. उरलेल्यांचा मधला गुणक ८.७५ धरू.

पण आपली कंपनी लहान, तिचे शेअर विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. म्हणून सूट. किती? "साधारण वीस टक्के लावतात" हे उत्तर मी घेत नाही. आपण हे शेअर परक्याकडून घेतले तेव्हा काय झालं होतं ते काढा. तेव्हा लिस्टेड कंपन्यांचा गुणक ८ होता आणि आपण दिलेली किंमत ६.४ पटीनं पडली होती, म्हणजे २० टक्के कमी. ही सूट आपल्याच खऱ्या सौद्यातून आलेली आहे. आज ती बदलावी असं काही घडलं नसेल, तर तीच चालू ठेवायची. ८.७५ ला २० टक्के सूट म्हणजे ७. गुणिले ३.२० म्हणजे २२.४० कोटी. त्यातून निव्वळ कर्ज ५.४० कोटी वजा, भागधारकांच्या वाट्याला १७ कोटी. त्याचे १२ टक्के, २.०४ कोटी रुपये.

सूट लावलेला गुणक एकानं इकडं-तिकडं झाला तर आपला आकडा ३८.४० लाखांनी हलतो. तिसऱ्या पातळीत हे टिपणीत सांगावंच लागतं: कुठला आकडा अंदाजाचा, तो बदलला तर मूल्य किती बदलतं, आणि वर्षाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिल्लक कशी सरकली. वाचणाऱ्याचा यावर हक्क आहे. २.०४ कोटी हा आकडा एकटा लिहिला तर तो मोजून काढल्यासारखा वाटतो, आणि तो तसा नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पुढच्या वर्षांची रोकड अंदाजायची आणि आजच्या मूल्याला आणायची. एकदा अशाच एका कंपनीचा बाहेरच्या मूल्यांककाचा अहवाल आला. पाच वर्षं विक्री १४ टक्क्यांनी वाढणार, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्या कंपनीची भट्टी मी स्वतः बघून आले होते. क्षमतेच्या ९२ टक्क्यांवर चालली होती आणि नवी भट्टी घ्यायचा कुठं ठराव नव्हता. दुप्पट माल ओतायचा कशात? मी अहवाल परत पाठवला. मूल्यांककाची सही आणि शिक्का होता म्हणून तो तसाच गेला असता, तर भोगलं कुणी असतं? कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली नोंदणीकृत मूल्यांकक नेमावे लागतात ती कामं वेगळी आहेत, आणि आयकराच्या नियमातलं बाजारमूल्यही वेगळं. तिथला आकडा उचलून इंड एएसच्या ताळेबंदात चिकटवू नका. प्रत्येकाचा हेतू निराळा, सूत्र निराळं.

फौंड्रीवाल्यांच्या पुस्तकात हल्ली आणखी एक ओळ असते: सोलर कंपनीचे शेअर. इंडक्शन भट्टीला वीज खूप लागते. कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठी बनवलेल्या, विजेचा फायदा हवा तर वापरणाऱ्यांच्या हाती त्या वीज कंपनीची किमान २६ टक्के मालकी असावी आणि तयार होणारी किमान ५१ टक्के वीज त्यांनी वापरावी, असा २००५ च्या वीज नियमांचा दंडक आहे. म्हणून थोडे शेअर घ्यावे लागतात. मुलं लगेच त्या सोलर कंपनीचा नफा बघायला जातात. थांबा, आधी करार वाचा. बहुतेकदा त्यात लिहिलेलं असतं की लाभांश नाही आणि मुदत संपली की शेअर दर्शनी किमतीलाच परत द्यायचे. ही अट पुढच्या घेणाऱ्यालाही बांधील असेल, तर वीज कंपनीला कितीही नफा होवो, शेअर घेणाऱ्याच्या हाती शेवटी दर्शनी किंमतच पडणार. मग १० लाखांचे शेअर, पंधरा वर्षांची मुदत, ९ टक्के दर, तर आजचं मूल्य २,७४,५३८ रुपये. नाव शेअरचं, पण जात डिपॉझिटची. उरलेली रक्कम आम्ही स्वस्त विजेसाठी आगाऊ मोजलेली म्हणून दाखवतो.

देणी

देण्याच्या रास्त मूल्यात ते देणाऱ्याची पत धरावी लागते. ज्याची पत घसरली त्याचं देणं बाजारात स्वस्त होतं, आणि हिशेबात त्याला नफा झाल्यासारखं दिसतं. २००८ च्या मंदीत परदेशातल्या मोठ्या बँकांनी असे नफे दाखवले होते. म्हणून आता इंड एएस १०९ मध्ये, जे देणं आपण मुद्दाम रास्त मूल्याला धरायचं ठरवलं, त्यात स्वतःची पत बदलल्यामुळं झालेला फरक ओसीआयमध्ये जातो. आमच्यासारख्यांना हे क्वचितच लागतं. बँकेचं टर्म लोन अॅमॉर्टाइज्ड कॉस्टला असतं, दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासोबत खालीवर होतो, आणि पत बदललेली नसेल तर पुस्तकी रक्कम व रास्त मूल्य जवळपास एकच. स्थिर दराचं कर्ज असेल तर आज आपल्याला ज्या दरानं नवं कर्ज मिळेल त्यानं उरलेले हप्ते आजच्या मूल्याला आणायचे आणि टिपणीत लिहायचं.

रास्त मूल्यानं वाढलेल्या नफ्यावर आज कर भरायचा नसतो, म्हणून डेफर्ड टॅक्स, म्हणजे पुढं भरावा लागणारा कर, धरायचा. हे शेवटी आठवतं आणि तोवर सगळा ताळेबंद जुळवून झालेला असतो.

फाईलला काय लावायचं

प्रत्येक आकड्यामागं एक पान. वस्तू कुठली, पातळी कुठली आणि का, पद्धत कुठली, गेल्या वर्षी हीच होती का, नसेल तर का बदलली. प्रत्येक दराचा कागद, त्यावर तारीख आणि कुणी आणला त्याची सही. मी एक कसोटी लावते. मी रजेवर आहे असं धरून शेजारच्या टेबलावरच्या मुलाला ते पान देते. त्यानं मला फोन न करता तोच आकडा काढला पाहिजे. नाही निघाला तर पान पुन्हा लिहायचं.

आणि हे सगळं एप्रिलात सुरू करू नका. बँकेचं एमटीएमचं पत्र, शेडमालकाच्या दरासाठीची शाखांची पत्रं, टूलिंग कंपनीचे कच्चे आकडे, यांची मागणी आम्ही १ मार्चला पाठवतो. सोलरचा करार कपाटातून काढून पुन्हा वाचायचा दिवस ठरलेला आहे, होळीनंतरचा पहिला शनिवार. त्या दिवशी दुपारी फोन कमी असतात.